शलोमीचा पाठ

"पुन्हा म्हण," जानकीबाई म्हणाली.

"मेन्सा, मेन्से, मेन्से, मेन्सूम."

"अस्सं! मेन्सूमच म्हणायचं. मास्तरांनी डोळे वटारले तरी मेन्सूम."

शलोमीनं मान डोलावली. सात वर्षांची पोर, पण आईचा शब्द म्हणजे शब्द. लॅटिनच्या पाठातलं खरं रूप 'मेन्साम' तिला झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं. मिशनच्या शाळेची रीतच तशी होती. लेकरं आठवड्यातून दोन दिवस वर्गात, बाकीचे दिवस घरी आईबापांनी शिकवायचं. जानकीबाईनं टँकरच्या रांगेत उभं राहून लेकीकडून ते लॅटिन घोकून घेतलं होतं. चांगलं घोकून घेतलं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

दुष्काळ पडला, सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर यंदा पेटलाच नाही. नवरा रामकिसन कामासाठी कर्नाटकात गेला. वस्ती ओस पडली. शेजारच्या चतुराबाईच्या पोरीला मास्तरांनी नगरच्या बोर्डिंगला सोडलं. आणि गेल्या रविवारी चर्चबाहेर ते जानकीबाईला म्हणाले, "पाठ नीट म्हणाली, की सोडतो शलोमीला." तेव्हापासून ती लेकीला मुद्दाम चुकायला शिकवत होती. लेक गेल्यावर काय भिंतींशी बोलायचं? त्या रिकाम्या घराचं तिला लई भ्या वाटायचं.

पाठ ऐकायला त्रिंबक मास्तर आले, पाणी प्यायले, खाटेवर टेकले. शलोमी पाठ म्हणू लागली आणि ठरल्या जागी चुकली.

"अगं, नीट म्हण की!" जानकीबाईनं खोटं खोटं दटावलं.

"मेन्सूम."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "आता काय करावं, जानकीबाई? मिशनची कमिटी म्हणत होती, दुष्काळ आहे, सगळ्या पोरी बोर्डिंगलाच धाडा. मी भांडलो. म्हटलं, जिचा घरचा पाठ पक्का असेल तिला तेवढी सोडा, राहू द्या आईजवळ. शलोमीवर लई भरवसा होता माझा."

मास्तरांचं ते 'सोडतो' जानकीबाईला आत्ता उमगलं.

"येतंय तिला, मास्तर! समदं येतंय! शलोमे, खरं म्हण गं माझे बाई! नीट म्हण!"

आई मघासारखंच दटावतेय असं वाटून शलोमी गालातल्या गालात हसली. मग ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मेन्सूम."