बाळाची टाच

"किल्ली माझ्याकडेच राहणार," अदाल्जिसामावशी म्हणाली आणि चॅपेलच्या दारातच बूड टेकून बसली.

जुन्या मूर्तींच्या डागडुजीसाठी आलेल्या नोएमीने तिच्याकडे पाहिलंही नाही. सकाळी तिने बाळाच्या मूर्तीच्या टाचेवर लावलेलं काळपट मेण दुपार उलटेपर्यंत पुन्हा गेलं होतं. खालचं कांस्य सोन्यासारखं चकाकत होतं.

ताल्वेरी काउंटांच्या या दफन-चॅपेलमध्ये गुडघे टेकून बसलेले कांस्याचे काउंट भिंतीभर होते. त्यांच्याकडे गाव ढुंकून पाहत नसे. गावाचा जीव शवपेटीवर निजलेल्या बाळात. पाचशे वर्षांपूर्वी एका काउंटेसने आपलं गेलेलं लेकरू कांस्यात ओतून घेतलं होतं. ज्या बाईचा पाळणा रिकामा झाला, तिने यायचं, बाळाची टाच तळव्यात धरायची आणि तोच हात आपल्या पोटावर ठेवायचा. कोण येऊन गेली, हे पाहणाऱ्याने सांगायचं नाही.

त्याच टाचेवर मूर्तिकाराचा अंगठा होता. मेणाच्या मूर्तीवर उमटला, तो तसाच कांस्यात उतरला. हातांच्या घामाने तो पुसट होत चालला होता. म्हणून चॅपेल बंद, टाच काळी आणि पुढे कायमची जाळी, असं नोएमीने ठरवलं. लांबलचक रजेनंतरचं हे तिचं पहिलं काम. ते नासवायला एक म्हातारी पुरेशी होती.

जाळीचं ऐकल्यापासून मावशी तिच्या नावाने बोटं मोडत होती. किल्ली तिच्या घरात आजीपासून चालत आलेली.

"तुला मूलबाळ?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"नाही." नोएमीने हातमोजे ओढून घट्ट केले होते.

"मग तुला काय कळणार."

"मला कांस्य कळतं. तेवढं पुरे."

आता मात्र नोएमीने सरळच विचारलं. दुपारी पाव खाऊन आपला डोळा लागतो, तेवढ्यात बायकांना आत कोण सोडतं?

"मी दारातून हलत नाही," मावशी म्हणाली. "मला सगळं दिसतं."

"मग सांगा, कोण ते."

"सांगायचं नसतं."

"किल्ली गेली तरी?"

मावशीने शाल आवळून घेतली आणि तोंड फिरवलं.

नोएमीने पाद्री डॉन फाउस्तोंना गाठलं. ते म्हणाले, पुरावा दाखव, त्याच क्षणी किल्ली काढून घेतो. पुरावा तिच्या हत्यारांच्या पेटीतच होता. जांभळ्या दिव्याखाली हिरवी पेटणारी भुकटी. एरवी डोळ्यांना दिसायची नाही. दुसऱ्या सकाळी तिने ती मेणात कालवली, लांब कुंचल्याने टाचेवर चढवली, कुंचला आणि हातमोजे पिशवीत बांधून बाहेर टाकले. वर नवे मोजे. मग दिवसभर काउंटांच्या दाढ्यांमधली काजळी काढत राहिली. दुपारी मोजे उतरवून, बाळाच्या शवपेटीला टेकून पाव खाल्ला. रोजच्यासारखा डोळा लागला. जाग आली तेव्हा मावशी दारात होती आणि टाच चकाकत होती.

नोएमीला हसू आलं. तिने घाईघाईने मोजे चढवले आणि डॉन फाउस्तोंना बोलावून घेतलं.

त्यांनी येताच किल्ली मागितली. मावशीने कमरेची सोडून दिली. झडपा लावल्या, चॅपेल अंधारलं. नोएमीने दिवा पेटवला.

"हात."

मावशीने दोन्ही तळवे पुढे केले. नोएमीने दिवा बोटांवरून, नखांवरून फिरवला. मग शालीवरून, घागऱ्यावरून.

कुठेच काही नव्हतं.

"धुतले असतील," ती फणकारली. "सांगा ना, कोणाला आत घेतलंत? तोंड शिवलंय का?"

मावशीचे डोळे भरून आले होते. "कोणालाच नाही, पोरी," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता. "विझव तो दिवा."

दिवा नोएमीच्या हातात तसाच होता. डॉन फाउस्तोंनी चाचपडत किल्ली मावशीच्या ओंजळीत ठेवली. पण ते मावशीकडे बघत नव्हते. नोएमीने त्यांच्या नजरेपाठोपाठ खाली पाहिलं.

तिच्या गडद निळ्या एप्रनवर, बरोबर पोटाशी, पाच बोटांचा हिरवा पंजा पेटला होता.