आईच्या उंचीचा वॉकर

शस्त्रक्रियेत खास संगणकी चष्म्यातून डॉक्टरांना सासूबाईंच्या खुब्यावरच मापाच्या हिरव्या रेघा दिसल्या आणि खुब्याची कृत्रिम वाटी अचूक कोनात बसली. चार वर्षांपूर्वी त्याच डॉक्टरांनी माझ्या आईची वाटी नजरेच्या अंदाजाने बसवली होती. ती तीनदा निखळली. आई जाईपर्यंत तिचा वॉकर सुटला नाही. सासूबाई मात्र दुसऱ्याच दिवशी उभ्या राहिल्या. “डॉक्टरांना चष्मा लागला आणि माझं भलं झालं!” त्या हसल्या. हेवा गिळून मी आईचा वॉकर दिला. “बुटका आहे गं हा. उंची वाढव ना जरा.” त्या पुन्हा पलंगावर टेकल्या. वॉकरच्या पायांवरची बटणं दाबली की आईच्या उंचीचं माप मोडणार, तेही सासूबाईंसाठी! “बटणं बिघडलीत,” मी म्हणाले. त्यांनी चांगल्या पायाच्या अंगठ्याने एक दाबून पाहिलं; ते खट्कन आत गेलं. “बिघडलीत खरी,” म्हणत त्या वाकूनच चालू लागल्या.