रुमालाखालची बोटं

कस्तुराबाईनं डोक्यावरचा गवताचा भारा खाली टाकला आणि थेट रुमालाखाली हात घातला. सोनपेठच्या बैलबाजारात असलं आक्रीत कुणी पाहिलं नव्हतं.

रुमालाखाली बैलं घ्यायला आलेल्या झरीच्या आबासाहेबांचा हात होता. बन्सीधर दलालानं तो नुकताच सोडला होता आणि बैलांचा मालक आश्रुबा याला भाव सांगितला होता, एकशे दहा. आश्रुबा मान हलवणारच होता. भाव बोटांनी ठरायचा. शंभराच्या वर दर बोटाला दहा. आत काय झालं ते दोन हातांनाच ठाऊक. मधला फरक दलालाच्या घशात.

कस्तुराला हे काम हवं होतं. दोन वर्षं ती बन्सीधराच्या मागं लागली होती. तो हसायचा. "गवत कापणाऱ्याची लेक तू. दलाली बापाकडून येती, बाई." त्याचंही खोटं नव्हतं. बाजारातले सातही दलाल दलालांचेच लेक. गवतवाल्याच्या लेकीनं जन्मभर दोन आणे रोजावर गवतच कापावं, असा तिथला कायदा होता. तो काही निजामानं केला नव्हता.

"आबासाहेब, लेकीचा हात समजा," ती म्हणाली. "भाव सांगा."

आबासाहेबांची हयात बैलं घेण्यात गेलेली. रुमालाखाली हात आला की त्यांची बोटं आपसूक बोलायची. त्यांनी तिची चार बोटं दाबली.

"एकशे चाळीस, आश्रुबा मामा!" कस्तुरा ओरडली.

"मंग? यालाबी तेवढंच दिलं की म्या," आबासाहेब बन्सीधराकडं बघत म्हणाले.

बाजारात एकच हशा पिकला. बन्सीधराचं तोंड एरंडेल प्यायल्यागत झालं. आश्रुबानं बैलांचे कासरे कस्तुराच्या हाती दिले. "सौदा तूच कर माय, दलालीबी तुलाच." मागचे चार शेतकरीही आपापल्या जोड्या घेऊन तिच्याकडं वळले. कस्तुराला रडू आलं आणि हसूही. तिनं दोन्ही येऊ दिलं.

"बोटं कुणी शिकवली तुला?" बन्सीधर खवळला. "कोण फितूर झाला?"

"तुमची लेक, धुरपता," कस्तुरा म्हणाली. "माय तुमचं अंगण सारवायची, अन् आमी दोघी बाजार-बाजार खेळायचो. तिला तुमी हिकडं येऊ दिलं न्हाई, म्हून ती माझ्या हातावर दलाली करायची. माझ्यापरीस तीच लय पक्की हाय. पुढल्या बाजारी तिलाबी घेऊन येते."