तांबूच्या जागी

दयारामने थोरल्या लेकीच्या, शांतीच्या हातात ब्रश दिला आणि तिला गाईपुढे उभं केलं. शांती ब्रशकडेच बघत राहिली.

गोठा दयारामच्या बापाने बांधलेला. सुकापूरच्या इमारतींखाली शेत गेलं, तेव्हा हा गोठा आणि बाजूचे चार आंबे तेवढे वाचले. गेल्या वर्षी त्याने ते अरुंधती मॅडमना वापरायला दिले. त्यांच्याकडे न बोलणारी, माणसांना बुजणारी मुलं येतात. गाईला घासतात, चारा भरवतात आणि हळूहळू खुलतात. दयाराम दावं धरून उभा असतो. एखादं मूल हसलं की त्याचे आईबाप डोळे पुसतात आणि दयारामला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कारण शांती याच गोठ्यात वाढली होती. माणसांशी मोजकं बोलायची, पण तांबू गाईच्या पोटाला डोकं टेकून तिची तासन् तास बडबड चालायची. धाकटीला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी ती शेणाच्या हातांनी थेट पडवीत येऊन उभी राहिली. सोयरीक मोडायला नको म्हणून दयारामने आठवड्याच्या आत तांबू विकून टाकली. धाकटीचं लग्न झालं. शांती मात्र जी गप्प झाली ती झालीच. आता ती बेचाळीस वर्षांची आहे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून असते. तिला इथे आणायचा धीर व्हायला दयारामला वर्ष लागलं.

"काका, तुम्ही दोघंच थांबा. अजिबात घाई करू नका," असं सांगून मॅडम कुंपणापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

"फिरव ना, बाय," दयाराम म्हणाला. "गरीब हाय ती. काय करत नाय."

शांती हलली नाही. शेवटी गाईनेच मान पुढे केली आणि तिचं मनगट चाटलं. ब्रश खाली पडला. शांतीची बोटं गाईच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या मऊ पोळीवर गेली, वर-खाली फिरू लागली. दयारामने दावं सैल सोडलं. एवढं एकच त्याला मरायच्या आधी बघायचं होतं.

एकाएकी तिने हात मागे घेतला आणि बापाकडे बघितलं. वीस वर्षांनी तिचा आवाज आला, जाडाभरडा, हळू.

"हिला कवा इकशील?"

मॅडम कुंपणाकडून धावत आल्या. त्यांचा चेहरा फुलून आला होता. "बोलल्या ना त्या? काका, काय म्हणाल्या?"

दयारामने खाली पडलेला ब्रश उचलला.

"गाईचं नाव इचारते," तो म्हणाला.