चोचीचा झेला

"झेला आज नाही मिळायचा," सखूकाकीने ओटीवरूनच सांगून टाकलं. नम्रता अजून गाडीतून पुरती उतरलीही नव्हती.

"अगं काकी, उद्या पुण्यात कंपनीला दाखवायचाय. हा एकच नमुना आहे माझ्याकडे."

"मग कंपनीला थांबू दे. आधी हातपाय धू, जेवायला बस."

पावस गावातल्या त्या बागेतला आंबा केव्हाच उतरून झाला होता. रिकाम्या बागेत काकीला झेला कशाला हवा, असं दुसऱ्या कुणी विचारलं असतं. नम्रताने नाही विचारलं. झेला हे निमित्त होतं, तिला वेगळंच काही विचारायचं होतं.

नम्रता वस्तूंचं डिझाइन करायची. साध्या झेल्याने, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीने, आंबा काढताना देठ तुटतो, चीक ओघळतो आणि चांगलं फळ डागाळतं. यावरचा उपाय तिला सुचला तो धनेशावरून. बागेच्या कडेला बेहड्याचं झाड होतं, त्याच्या ढोलीत दर वर्षी धनेशाची जोडी यायची. गावात त्याला गरुडच म्हणतात. केवढी ती चोच! पण पिकलं उंबर असं धरायचा की साल फुटायची नाही. नम्रताने तशीच चोच काठीच्या टोकाला बसवली, खालून दोरी ओढली की मिटणारी. रंगसुद्धा हुबेहूब दिला, पिवळट, वर काळा डाग.

"रंग कशाला गो?" काशीरामकाका हसला होता. "आंब्याला काय कळतंय?"

होळीच्या सुमारास ती हा झेला घेऊन बागेत आली. मादी तेव्हा ढोलीत शिरून, ढोलीचं तोंड आतून लिंपून बसली होती. बारीकशी फट तेवढी उघडी, आणि तीतून नर तिला भरवायचा. आत बसली की मादीची पिसं गळतात, उडणं बंद. तिचं आणि पिल्लांचं पोट सगळं नरावर.

कंपनीसाठी नम्रताला त्या चोचीचं जवळून चित्रण हवं होतं. काका-काकी हेदवीला लग्नाला गेलेले. तिने ड्रोन उडवला. नर ड्रोनवर धावून आला, पात्यात पंख सापडला, आणि खाली पडला तो उठलाच नाही.

नम्रता रडली. नाही असं नाही, पुष्कळ रडली. मग तिने त्याला काजूखाली पुरलं, झेला पडवीत ठेवला आणि पुण्याची वाट धरली. पडण्याआधीचं चित्रण फार सुंदर आलं होतं. तेच कापून तिने कंपनीला दाखवलं. कंपनी खूश!

पक्षी चुकून मेला, असं ती स्वतःला समजावू शकत होती. पण ढोलीतलीचं काय? काकीला एक फोन केला असता तर काहीतरी झालं असतं. फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. दिवस गेले, मग फोन करण्यात अर्थ उरला नाही. आत अंधारात बसून ती वाट बघत मेली असणार, पिल्लं तिच्या पोटाशी. हा विचार आला की नम्रताला जेवण नकोसं व्हायचं.

आताही तसंच झालं. पानात भात तसाच होता.

"गरुड दिसतो का गो काकी हल्ली?" तिने कसंबसं विचारलं.

"होळीपासून नाही दिसला," काकी आमटी वाढत म्हणाली.

"दुसरी केलीन असेल," काका म्हणाला. "पुरुषाची जात. सगळे घोव सारखेच."

"तुम्ही गप्प जेवा. तुम्हाला कोण देतंय दुसरी!"

काका खो खो हसला. नम्रताला ते ऐकवेना.

"काका, त्याने दुसरी नाही केली. मी मारला त्याला."

मग तिने सगळं सांगितलं. ड्रोन, काजू, कंपनी, न केलेला फोन. काकाचा हात ताटातच थांबला. काकी मात्र शांतपणे उठली आणि हात धुऊन आली.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "आम्ही हेदवीहून आलो त्याच दिवशी कुत्र्याने उकरलंन. ह्यांना नाही सांगितलं मी. कोवळ्या मनाचे आहेत."

"मग मला का नाही बोललीस? चार शिव्या तरी द्यायच्यास!"

"शिव्या देऊन तो उठणार होता?"

"आणि आतली ती?" नम्रताचा आवाज फुटला. "काकी, ती गं?"

काकीने पडवीतून झेला घेतला, एक झाकलेली वाटी घेतली.

"झेला हवाय ना? चल. बघ, आणि मग ने खुशाल."

बेहड्यापाशी जाताना नम्रता चार पावलं मागेच राहिली. काकी आता ती ढोली दाखवणार, आतली हाडं दाखवणार. दाखवू दे. आपली लायकी तीच आहे, असं तिला वाटलं.

काकी बागेच्या दगडी गडग्यावर चढली. वाटीतलं पिकलं उंबर तिने झेल्याच्या चोचीत धरलं आणि काठी हळूहळू वर, ढोलीच्या फटीपर्यंत नेली.

फटीतून एक चोच बाहेर आली. तिने उंबर अलगद घेतलं. पाठोपाठ आतून चिरक्या आवाजांचा गलका उठला.

नम्रताच्या तोंडून हुंदका फुटला. काकीने मागे न बघता ओठांवर बोट ठेवलं.

"हळू गो. तिला वाटतंय, आपला घोव आलाय."