गुणाबाईची पेज

‘खारट गं पानी, गेला खाडीला माझा भाव,
वला सदरा आला घरी, कुनी सांगंना ठाव.’

क्षितिजाला आठवणारा सगळ्यात जुना आवाज आईचा नव्हता, गुणाबाईचा होता. या ओवीवर ती पाळण्यात झोपायची. गुणाबाईचा धाकटा भाऊ लडकू क्षितिजाच्या जन्माच्या कितीतरी आधी खाडीत बुडाला, हे तिला फार पुढे कळलं.

तोच आवाज आता आजोबांच्या उशाशी बसून विनवत होता, “सरपंच, आ करा.”

केसरीनाथ आ करत नव्हते. लकव्याने वाचा गेलेली, नाकात ऑक्सिजनची नळी, ओठ गच्च मिटलेले. फक्त डोळे जिवंत होते, आणि ते गुणाबाईवरून हलत नव्हते. तिने दोन बोटांनी गाल हलकेच दाबला. चमचा आत गेला. पेज घशाखाली उतरेपर्यंत तिने हनुवटी धरून ठेवली.

खाडीकाठच्या कोन या गावात गुणाबाईच्या या सेवेचं सगळ्यांनाच नवल. बौद्धवाडीतली बाई. एके काळी हिला या घराच्या ओट्यावर पाय ठेवू देत नसत. आधी अंगण झाडलं, मग पोरीचा पाळणा हलवला, मग म्हाताऱ्याचं आजारपण अंगावर घेतलं. सरपंचांची दारू सुटेना, तेव्हा बाटली तिनेच मोरीत ओतली. छातीत कळ आली तेव्हा भर पावसात धावत जाऊन रिक्षा तिनेच आणली.

“सून असावी तर गुणाबाईसारखी,” शेजारणी मृणालीला ऐकवायच्या.

“मग घेऊन जा की तुमच्याकडे,” क्षितिजाची आई मृणाली हसून म्हणायची. “आमचे मामंजी दुसऱ्याच दिवशी उपाशी मरतील.”

आज मात्र घरात कुणी हसत नव्हतं. डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते, आता तुम्ही ठरवा. खाली दिवाणखान्यात क्षितिजाचे पप्पा, दीपेश, नातेवाइकांना फोन लावत होते. नळी काढायची की ठेवायची, एवढंच ठरायचं होतं. मागच्या गल्लीतले कापडाचे लूम खडखडत होते.

“बाय, तू तिकडं अमेरिकेत शिकतेस तरी काय?” गुणाबाईने विचारलं. बहुधा खालचे आवाज ऐकायचे नव्हते तिला.

“कायदा. तिथल्या काळ्या लोकांचे हक्क.”

“त्यांना बी हक्क मागायला लागतात?”

क्षितिजा पलंगाच्या कडेवर टेकली. म्हणाली, “कायद्याचं संरक्षण सगळ्यांना सारखं, हे त्यांच्या घटनेत गुलामी संपली तेव्हाच लिहिलं. पण ते कागदावरून उठून चालायला शंभर वर्षं गेली. आधी शाळा. मग बस, हॉटेलं. मग मत. एकेका गोष्टीसाठी माणसं कोर्टात गेली, रस्त्यावर मार खाल्ला. मत नोंदवायला गेला म्हणून माणूस मारून नदीत टाकायचे. गावाला ठाऊक असायचं कुणी मारलं. पण कोर्टात निकाल देणारे पंच गोरे. सोडून द्यायचे.”

चमचा वाटीतच थांबला.

“आनि मग?”

“मग माणसं बोलायला लागली. चाळीस वर्षांनी, पन्नास वर्षांनी. त्या जुन्या केसेस पुन्हा उघडायला सरकारने वेगळा कायदाच केला. ऐंशीच्या घरातले म्हातारे चाकाच्या खुर्चीवरून कोर्टात आणले, आत्या. आणि मेलेल्याची बायको समोरच्या बाकावर बसून बघत होती.”

“तिनं पाह्यला? डोल्यानं?”

“डोळ्यांनी.”

गुणाबाईने पदराने आजोबांचे ओठ टिपले. फार हळुवार टिपले. म्हाताऱ्याच्या कपाळावर घामाचा थर आला होता.

“आनि आपल्या हितं? लय वर्सं झाली तर केस मरते ना?”

“खुनाला मुदत नसते, आत्या. इथंही नसते.”

जिन्यावर पावलं वाजली. दीपेश दारात येऊन उभे राहिले. डोळे लाल होते.

“ठरलं,” ते म्हणाले. “संध्याकाळी नळी काढू. खूप झाले हाल. गुणाबाई, ठेव आता ती वाटी. खातही नाहीत ते. जाऊ दे त्यांना सुखाने.”

“न्हाय.”

“अगं, पण...”

“नली काढायची न्हाय, दीपेशशेठ.” ती उठून पलंगाच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिली. तिचा आवाज चढलेला क्षितिजाने आयुष्यात ऐकला नव्हता. “पाया पडते तुमच्या. मोठ्या हास्पिटलात न्या. माजं रगत लागलं तर काढा.”

दीपेशना गहिवरून आलं. “काय माया गं ही तुझी! पोटच्या पोरालाही लाजवलंस.”

“माया?”

गुणाबाई वळली. पलंगावरच्या माणसाकडे तिने पुरतं पाहून घेतलं. त्याने डोळे मिटून घेतले, आणि क्षितिजाला एकदम उमगलं की आजोबांनी इतके दिवस तोंड का मिटून धरलं होतं.

“माजा लडकू पंचायतीच्या विलेक्शनला ह्याच्यासमोर उभा राह्यला,” गुणाबाई म्हणाली. “म्हनून ह्यानं त्याला खाडीत दाबून धरला. पाय हलायचं थांबंपरेंत. मी तिवरांच्या झाडीत लपून पाह्यला. तवा पोलीस ठान्यातला सायब ह्याच्याच ओट्यावर चहा प्यायचा, मी कुनाला सांगनार?”

लूम खडखडत राहिले. तिने वाटी पुन्हा हातात घेतली, पेज ढवळली आणि क्षितिजाकडे पाहिलं.

“मेल्याली मानसं कोर्टात उभी करता येत न्हाईत, बाय. म्हनून जगवलाय ह्याला.”