मढ्याचं हसू

कांचनाबुरीला आमच्या थाई युद्धपटातला पुलाचा सीन होता. पूल एकदाच उडणार, जपानी अधिकारी झालेल्या फूमला गोळी लागणार आणि तो माझ्या मांडीवर प्राण सोडणार. आमच्याकडे रीत अशी की, कॅमेऱ्यासमोर मेलेल्यानं 'कट' ऐकल्याबरोबर हसायचं, म्हणजे हा जिवंत आहे हे भुतांना कळतं आणि ते मरण अंगाला चिकटत नाही. फूमची आई एवढ्यासाठीच रोज सेटवर छत्री उघडून बसायची.

पूल उडाला. फूम मेला. मी जीव तोडून रडत होते. आमचे दिग्दर्शक वुटदादा तर माझ्याहून जास्त रडत होते, त्यामुळे त्यांना 'कट' म्हणायचंच सुचेना. फूमच्या आईचा धीर सुटला.

"हस की रे बाळा, किती वेळ मेलेला राहशील?"

आणि माझ्या मांडीवरचं मढं गोड हसलं.

वुटदादांनी डोळे पुसले. "मावशी, पूल आता तुम्ही बांधून देणार का?"

शेवटी आईचा आवाज तेवढा कापून टाकला आणि हसू तसंच ठेवलं. थिएटरात बायका हुंदके देऊन रडल्या. मरतानाही प्रेयसीसाठी हसला, म्हणे.

पुढच्या युद्धपटात वुटदादांनी आधीच बजावलं, "फूम, या वेळीही मरताना तसंच हसायचं."

त्याची आई छत्री मिटून उठली.

"सांगून हसलेलं चालत नाही. भुतं म्हणजे काय तुमचे प्रेक्षक आहेत का, फसायला?"